किटमधलं विमान: बनवाल, पण उडवणार कुठून?

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत येतो. कुणीतरी गच्चीवर नाहीतर गॅरेजमध्ये विमान बनवलेलं असतं, शेजारीपाजारी गोळा झालेले असतात आणि खाली दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. एक, ‘आपल्याकडे हुशारीची कदर नाही.’ दुसरी, ‘मरायची हौस आली का?’ दोन्ही लिहिणाऱ्यांचा समज मात्र एकच असतो. घरी बनवलेलं विमान म्हणजे जुगाड: मोटारसायकलचं इंजिन, बांबू, ताडपत्री आणि देवाचं नाव.

प्रत्यक्षात जगभर हजारो लोकांनी घरी विमानं बनवून उडवली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी जुगाड केलेला नाही. ते किट विकत घेतात. लाकडी खोक्यांतून कापलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे येतात, सोबत रिव्हेट, नळ्या, केबल आणि पायरीपायरीने काय करायचं ते सांगणाऱ्या जाडजूड पुस्तिका. दोन-तीन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात घातले की दोन माणसं बसतील असं खरंखुरं विमान उभं राहतं.

हे विमान नक्की काय असतं, कायदा त्याला परवानगी कशी देतो, धोका कुठे दडलेला असतो आणि पुण्यातल्या एखाद्याने मनावर घेतलंच तर गाडी कुठे अडेल, ते बघू. आधीच सांगून टाकतो, कारागिरीपाशी अडत नाही.

हलकं म्हणजे किती हलकं?

२००४ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट नावाचा एक वर्ग आखला. पुढे मी त्याला नुसतं ‘हलकं विमान’ म्हणेन. अटी मोजक्या होत्या. जास्तीत जास्त दोन जागा. इंजिन एकच. चाकं कायम बाहेर, पोटात ओढून घ्यायची सोय नाही. माणसं, पेट्रोल, सामान सगळं धरून उड्डाणाच्या वेळचं वजन ६०० किलोच्या आत. रिकामी अल्टोसुद्धा काट्यावर याहून जास्त भरते. वेग ताशी २२२ किलोमीटरपर्यंत. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची अट: स्टॉलचा वेग ताशी ८३ किलोमीटरच्या वर नको.

स्टॉल हा शब्द एकदा समजून घेऊ. विमान हवेत राहतं ते पंखांवरून हवा वाहत असते म्हणून. विमान हळू करत गेलं की तेवढीच उचल मिळवायला नाक वर धरावं लागतं, आणि एका मर्यादेनंतर हवा पंखाला धरून वाहायचीच सोडते. उचल एकदम घटते. सरळ उड्डाणात ज्या वेगाला हे होतं तो स्टॉलचा वेग. इंजिन चालू की बंद याच्याशी त्याचा संबंध नाही. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं असं आपण म्हणतो, त्यामुळे बातम्यांत इथे कायम घोटाळा होतो.

हा आकडा महत्त्वाचा का? विमान जमिनीला टेकतं ते साधारण याच वेगाच्या आसपास. इंजिन बंद पडून उसाच्या फडात उतरायची वेळ आली तरी तसंच. आपटण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर दणका चौपट. म्हणून ज्या विमानाला ताशी ८० किलोमीटरने टेकता येतं, त्यातल्या माणसांची जगण्याची शक्यता ताशी १६० ने टेकणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने हेच सूत्र पुढे नेलं. नव्या नियमांनी ६०० किलोची अट काढून टाकली आणि स्टॉलच्या वेगाला मुख्य निकष केलं, शिवाय तो आकडाही वाढवला. साध्या स्पोर्ट पायलट परवान्यावर ऑक्टोबर २०२५ पासून तिथे चार आसनी विमानही चालवता येतं, पण सोबत माणूस मात्र एकच नेता येतो. ‘आता कुणीही काहीही उडवू शकतो’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे, १९७३ पासूनची. किट विमानांच्या जगात तिचं नाव मोठं. तिचं आरव्ही-१२ हे दोन आसनी हलकं विमान किटमध्ये मिळतं. रिकामं वजन सुमारे ३४० किलो, भरलेलं ६०० किलो. म्हणजे हातात राहिले २६० किलो. टाकी भरली, साधारण ७५ लिटर, की त्यातले ५४ किलो गेले. उरलेल्या २०६ किलोंत दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा. माणसं ८५ किलोंची धरली तर सामानाला ३६ किलो उरतात. दोघंही चांगल्या खात्यापित्या घरचे असतील तर बॅगा घरी ठेवाव्या लागतात किंवा टाकी अर्धीच भरावी लागते. असा हिशेब प्रत्येक उड्डाणाआधी कागदावर मांडायचा असतो; त्यात तडजोड नाही.

मग ‘स्वतः बनवलं’ कधी म्हणायचं?

समजा दिवाळीत तुम्ही चकलीची भाजणी दुकानातून तयार आणली. मोहन तुम्ही घातलं, पीठ तुम्ही मळलं, सोऱ्या तुम्ही फिरवला, तळणीपाशी घाम तुम्ही गाळला. ही चकली घरची का? काही घरांत यावरून वाद होईल, पण अमेरिकन कायदा ‘हो, घरचीच’ म्हणेल. दुकानदाराने चकल्या पाडून दिल्या आणि तुम्ही नुसत्या तळल्या, तर मात्र तोही नकारार्थी मान हलवेल.

यालाच ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. विमान बनवण्याच्या कामातला निम्म्याहून मोठा वाटा हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असला पाहिजे. मोजायचे पैसे नाहीत, मोजायची कामं. पंखाची फासळी कुणी जोडली, शेपटी कुणी उभारली, कंट्रोलच्या केबल कुणी ओढल्या, अशी यादी असते आणि तिच्यावर खुणा कराव्या लागतात. इंजिन, पुढचा फिरणारा पंखा (प्रोपेलर) आणि उपकरणं स्वतः बनवावीत अशी अपेक्षा कुणी करत नाही.

दुसरीही एक वाट आहे. तुमचा वाटा किती याला महत्त्व नाही, पण विमान कंपनीच्या मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. पहिल्या वाटेत मोकळीक जास्त, दुसरीत शिस्त जास्त. मला विचाराल तर पहिल्यांदा बनवणाऱ्याने निमूटपणे दुसरी वाट धरावी. सुधारणा सुचणं हा आपला राष्ट्रीय गुण आहे आणि विमानात तो महागात पडतो. कसा, ते पुढे येईल.

दोन्ही वाटांत एक गोष्ट सारखी. तुम्ही पुणे-दिल्ली विमानात बसता तेव्हा त्या विमानाचा आराखडा सरकारी यंत्रणेने वर्षानुवर्षं तपासलेला असतो आणि कारखान्याला प्रत्येक सुट्या भागाचा माग ठेवावा लागतो. घरी बनवलेल्या विमानात तपासनीस येतो, कागद बघतो, विमान बघतो आणि त्याला ‘प्रायोगिक’ या वर्गात घालतो. आराखड्याची हमी तो देत नाही. उलट, हे विमान हौशी माणसाने बनवलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत ते बसत नाही अशी पट्टी आत, शेजारी बसणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशी लावावी लागते. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं: तू बनव, तू उडव, पण शेजारी बसणाऱ्याला अंधारात ठेवू नकोस.

काम असतं तरी काय?

बहुतेक वेळ रिव्हेट मारण्यात जातो. पत्र्याच्या पंखात एक फासळी घ्या. तिच्या कडेला सुपारीएवढ्या अंतरावर भोकं असतात. वरचा पत्रा त्यावर ठेवायचा, भोकाला भोक जुळवायचं आणि क्लेको लावायचे. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी तात्पुरती खिळी. रिव्हेट बसेपर्यंत पत्रे जागच्या जागी धरून ठेवते. मग सगळं पुन्हा सुटं करायचं, कारण प्रत्येक भोकाच्या कडेची बर काढायची राहिली आहे. बर म्हणजे ड्रिल मारल्यावर कडेला राहणारा धारदार फुटवा. तो तसाच राहिला तर तिथून बारीक तडा सुरू होऊ शकतो. आज दिसत नाही. शेकडो तास पंख थरथरला की दिसतो. बर काढली, पुसलं, पुन्हा क्लेको लावले, एकेक काढत रिव्हेट भरले. मग पुढची फासळी.

भोसरीत शीट मेटलचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका मित्राला मी अशा किटची ड्रॉइंग दाखवली. त्याने दोन पानं चाळली आणि म्हणाला, “अरे, यात अवघड काय आहे? भोकं तर पाडूनच आलीयेत. आमची पोरं महिन्यात उभं करतील.” मग त्याने तपासणीचं पान उघडलं. प्रत्येक पायरीपुढे तारीख आणि सहीची जागा.

“सही कोणाची?”

“बनवणाऱ्याची.”

“आणि क्वालिटीचा माणूस?”

“तोही तूच.”

“मग महिना नाही रे पुरायचा,” तो म्हणाला.

त्याला मुद्दा बरोबर कळला होता. कारखान्यात एक चूक तीन माणसांच्या नजरेतून जाते. घरी ती एकाच्याच नजरेतून जाते, आणि तो रविवारी रात्री दमलेला असतो. म्हणून अनुभवी लोक दुसऱ्या बनवणाऱ्याला बोलावून आपलं काम तपासून घेतात. नट ठरल्या ताकदीने आवळला की त्यावर रंगाची बारीक रेघ ओढतात. पुढे ती रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला.

वेळेचा अंदाज? सोपं किट असेल तर हजार तासांच्या आसपास धरून चालावं. आठवड्याला आठ तास दिले तर सव्वाशे आठवडे, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. त्यात गणपती, लग्नसराई आणि मुलांची दहावी धरलेली नाही.

जागेचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. आरव्ही-१२ चे पंख पिन काढून सुटे करता येतात, त्यामुळे ते ट्रेलरवर लादून नेता येतं. मोठ्या गॅरेजात काम होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं असेल तर वार्षिक सभेत ठराव मंजूर करून घ्यावा लागेल, आणि ते काम डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या परवानगीहून सोपं असेल असं समजू नये.

इंजिन आणि पेट्रोल पंपाची भानगड

या वर्गातल्या बहुसंख्य विमानांत ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचं ९१२ मालिकेतलं इंजिन असतं. त्यातलं १०० अश्वशक्तीचं रूप साधारण छोट्या मोटारीच्या इंजिनाएवढं, १३५२ सीसी. चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन समोर. ते मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं, पण विमानाचा पंखा इतक्या वेगाने फिरवला तर त्याची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात, आवाज वाढतो आणि ताकद वाया जाते. म्हणून मध्ये गिअर टाकून पंख्याच्या फेऱ्या २४०० च्या आत आणलेल्या असतात. ठिणगीची व्यवस्था दुहेरी, एकमेकींपासून स्वतंत्र. एक बंद पडली तरी इंजिन चालू राहतं.

या इंजिनाच्या लोकप्रियतेचं मोठं कारण म्हणजे ते मोटारीच्या चांगल्या पेट्रोलवर चालतं. जुन्या धाटणीच्या विमान इंजिनांना शिसं मिसळलेलं खास विमान-पेट्रोल लागतं. पण इथे भारतात पाचर बसते. रोटॅक्स ९१२ ला पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, काही प्रकारच्या रबरी नळ्या आणि सील खराब करतं आणि इंधन गरम झालं की वाफेचे बुडबुडे नळीत अडकायची शक्यता वाढवतं. स्कूटरवर हा वाद मायलेजपुरता राहतो. हवेत इंजिनाने आचका दिला तर बाजूला घ्यायला जागा नसते.

मग विमान-पेट्रोल वापरायचं. ते या इंजिनाला चालतं, फक्त शिशाचे थर साचतात म्हणून तेल लवकर बदलावं लागतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये हे पेट्रोल देशात बनवायला सुरुवात केली. पण ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही. विमानतळावर किंवा फ्लाइंग क्लबच्या पिंपातून घ्यायचं.

‘पण पडलं तर?’

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बनवलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या छोट्या, खासगी विमानांत यांचा वाटा सुमारे १० टक्के. पण २०११ मधल्या प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के. म्हणजे धोका जास्त आहे, आणि बराच जास्त आहे. इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही दोन कारणं पुढे होती. याहून बोलकी गोष्ट वेगळीच: अपघात झालेल्या निम्म्याहून अधिक विमानांचे मालक ती बनवणारे नव्हते. त्यांनी ती कुणाकडून तरी विकत घेतली होती.

ज्याने रिव्हेट मारले त्याला विमानाची नस न् नस ठाऊक असते. विकत घेणाऱ्याला नसते. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान अपघातात गेला, ते याचं ठळक उदाहरण. विमान लाँग-ईझी जातीचं, दुसऱ्याने बनवलेलं, त्याने नुकतंच घेतलेलं. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जायचा कॉक आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये दाखवलेला होता. बनवणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे बसवला. इंधनाच्या नळ्या माणसापासून लांब ठेवाव्यात हा त्यामागचा विचार. म्हणजे हेतू सुरक्षेचाच! पण तो फिरवायला बसल्या जागी मागे वळावं लागे, आणि वळताना पाय नकळत विमानाचं नाक वळवणाऱ्या एका पेडलवर दाबला जाई. मागच्या बाजूची इंधनाची पातळी बघायला त्याच्याकडे छोटा आरसा होता. टाकी संपत आली, तो कॉककडे वळला आणि विमानाचं नाक वळलं. पाण्यापासून उंची फारशी नव्हती. वर मी सुधारणेबद्दल बोललो ते हे.

आराखड्यातच खोट असली तर? तसंही झालं आहे. झेनिथच्या सीएच-६०१ एक्सएल या दोन आसनी विमानाचे पंख हवेतच मोडण्याचे अपघात २००६ पासून एकापाठोपाठ एक झाले. एप्रिल २००९ मध्ये सुरक्षा मंडळाने ही विमानं जमिनीवर ठेवावीत अशी शिफारस केली आणि त्याच वर्षी पंख मजबूत करायचं जोडकाम आलं. ज्यांनी स्वतः रिव्हेट मारले होते त्यांनी ते स्वतःच उसवले आणि नव्या पट्ट्या घातल्या.

धोका कमी करायचे मार्गही आहेत. तिथे नव्या विमानाचे पहिले काही तास, साधारण ४०, प्रवासी न घेता आणि वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या टापूतच उडवायचे असतात. त्यात स्टॉलचा वेग प्रत्यक्ष मोजायचा, इंजिनाचं तापमान बघायचं, वजन टप्प्याटप्प्याने वाढवायचं. शिवाय अनेक किटांत अख्ख्या विमानाचं पॅराशूट बसवता येतं. दांडी ओढली की छोटं रॉकेट छत्री बाहेर खेचतं आणि विमान माणसांसकट खाली उतरतं. त्याला थोडी उंची लागते, वजनही द्यावं लागतं. वरच्या २०६ किलोंतून तेही वजा करा.

कंपनीच बुडाली तर?

हाही प्रश्न हवेतला नाही. किट घेणारा पैसे आधी भरतो आणि खोकी टप्प्याटप्प्याने येतात. व्हॅन्सने काही काळ पत्र्याची भोकं लेझरने पाडली; त्यातल्या काही भोकांच्या कडेला, रिव्हेटसाठी पत्रा दाबताना तडे दिसू लागले. भाग बदलून देणं, त्यात वाढलेला खर्च, अशा ओझ्याने कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. पुढच्या वर्षी ती सावरली, पण किटच्या किमती वाढल्या. खर्चाबद्दल एवढंच लक्षात ठेवा: जाहिरातीत दिसतो तो बहुतेक वेळा सांगाड्याचा भाव असतो. इंजिन, पंखा आणि उपकरणांचं बिल तेवढंच किंवा त्याहून मोठं येतं, आणि त्यावर जहाजाचं भाडं आणि आयात शुल्क.

भारतात हे चालतं का?

चालतं, पण रेटून न्यावं लागतं. (या विषयावर शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघाल्याशिवाय मराठी चर्चा संपत नाही. १८९५ च्या त्या कथित उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा नाही, एवढं बोलून मी पुढे सरकतो.)

पुरावा असलेलं मराठी उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, आणि तेही किट न घेता, स्वतःच्या आराखड्यावर. २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं २०२० मध्ये. या तारखा पुन्हा एकदा वाचा. प्रदर्शनात उभं असलेलं विमान हवेत जायला चार वर्षं लागली.

कारखान्यात बनलेलं हलकं विमान आपल्याला नवं नाही. २०१५ मध्ये हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून १९४ दोन आसनी विमानांची मागणी नोंदवली गेली. मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये याच कंपनीच्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. या वर्गातल्या विमानातून तसं करणारी ती पहिली स्त्री.

कायद्याचा गाभा सरळ आहे. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. रोजचा कारभार नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए बघतं. नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा कागद नसेल तर विमान स्वतःच्या शेतातूनही उडवता येत नाही. चालवणाऱ्यालाही परवाना लागतो. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय १७ पूर्ण, दहावी पास, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण. रिव्हेटवर हात बसला म्हणजे विमान उडवता येतं असं नाही. बनवायच्या अडीच वर्षांत हे शिक्षण आधी सुरू करावं. विमान तयार आणि मालक जमिनीवर, अशी वेळ येऊ नये.

पुण्यात उडवणार कुठून?

इथे खरी अडचण सुरू होते. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात विमानाचा पत्रा वळवू शकणारे, वेल्डिंग आणि वायरिंग नीट करणारे हात पाहिजे तेवढे आहेत. धावपट्टी नाही.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तिथून सुखोई उडतात. प्रवासी विमानांना त्यातला ठरावीक वेळ आणि जागा मिळते. त्या रांगेत ताशी दोनशेने जाणारं तुमचं घरगुती विमान कोण घेईल? हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, पण ती पट्टी ग्लायडरसाठी, आणि आता भोवती इमारतीच इमारती. बारामतीला धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक प्रशिक्षण चालतं. पुण्याच्या माणसाला व्यवहारात तिथली किंवा राज्यातली अशीच एखादी छोटी धावपट्टी, परवानगी आणि भाडं देऊन, शोधावी लागेल. नव्या विमानाची चाचणी तर वस्तीपासून लांबच हवी.

त्यात आपल्या पठाराची एक खोड आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला गेला की हवा तापून आणखी विरळ होते. हिशेब केला तर दुपारची ती हवा प्रमाण हवामानातल्या १६०० मीटर उंचीइतकी विरळ भरते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे लोहगावला उभं असलेलं विमान दुपारी एक वाजता जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभं असल्यासारखं वागतं. १०० अश्वशक्तीचं साधं इंजिन ८५ च्या आसपास ताकद देतं. पंख्यालाही पकड कमी, पंखालाही उचल कमी. धाव लांबते, चढण मंदावते, आणि भोवतीच्या टेकड्या आहेत तिथेच असतात. ओरेगॉनमधल्या पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापलेला धावेचा आकडा इथे मे महिन्यात लावू नये. पुस्तिकेत उष्णतेचं आणि उंचीचं वेगळं कोष्टक असतं, ते काढावं, आणि शक्यतो सकाळी सातच्या आत उडावं.

‘तरी, गोव्याला जाता येईल का?’

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याचं उत्तर आकड्यांत. पुणे-गोवा हवाई अंतर सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. ताशी दोनशेच्या वेगाने पावणेदोन तास. ताशी वीस लिटर धरले तर ३५ लिटर पेट्रोल. चारचाकीने घाट उतरून जायला लागतो त्याच्या पाव वेळ.

आता अटी. ही विमानं बहुधा फक्त दिवसा आणि डोळ्यांना नीट दिसत असेल तेव्हाच उडवायची असतात. ढगात शिरायचं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीच्या धारेवर ढग बसलेले असतात, त्यामुळे वर्षाचे चार महिने गेले. उरलेल्या महिन्यांत प्रवासाआधी उड्डाणाचा आराखडा दाखल करायचा आणि हवाई दलाकडून मंजुरीचा क्रमांक घ्यायचा. तो नसेल तर आकाशात तुम्ही अनोळखी ठिपका. दाबोळी नौदलाचा तळ आहे, म्हणून मोपाच्या विमानतळाकडे बघायचं, आणि तिथे मोठ्या विमानांच्या मध्ये उतरायची परवानगी, उतरण्याचं आणि उभं करण्याचं भाडं हे आधीच बोलून ठेवायचं. वारा आडवा आणि जोराचा असेल तर ६०० किलोच्या विमानाने दुसऱ्या दिवशीची वाट बघायची. सोमवारी सकाळी ऑफिसात मीटिंग असेल तर येतानाचं बसचं तिकीट काढून ठेवलेलं बरं.

आणि शेजारच्या जागेवर बसलेल्या मित्राकडून भाडं घेता येत नाही. खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडणं बेकायदा आहे. मोपाला उतरल्यावर जेवणाचं बिल त्याने द्यायचं, एवढं मात्र निघण्याआधी ठरवून घ्या.